बटण अजून बोलत नाही

वत्सलाक्का हुदलीकरांचा चेहरा धारवाडात फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता, आवाज मात्र अर्ध्या गावाला पाठ होता. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी आयुष्य काढलं. लहानपणी गोवरात दोन्ही डोळे गेले. पुढे त्या ब्रेल शिकल्या, इंग्रजी शिकल्या, बोर्ड चालवायला शिकल्या, आणि एकदा त्या खुर्चीत बसल्या त्या यंत्र येईपर्यंत उठल्या नाहीत. पलीकडून कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं की अक्का माणूस ओळखायच्या. मराठीतून बोलणाऱ्याला मराठीतून, कन्नडवाल्याला कन्नडमधून, आणि बेंगळूरच्या साहेबाला इंग्रजीतून उत्तर द्यायच्या. फोन जोडून देता देता कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाच्या आईचा गुडघा, सगळ्याची विचारपूस करायच्या.

मग कचेरीत नवीन यंत्र आलं. त्यात एक बाई 'एक दाबा, दोन दाबा' सांगते आणि तिला ना पगार लागतो ना चहा. अक्कांना हार, नारळ, शाल देऊन वेळेआधी घरी पाठवलं. भाषणं झाली. 'तुमचा आवाज आम्हाला कायम आठवेल' असं एक अधिकारी गहिवरून म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी एकदाही फोन केला नाही. माणसं वाईट नसतात. त्यांना अक्कांशी बोलायचंच नव्हतं कधी, त्यांना फक्त पलीकडचा माणूस हवा होता, हे अक्कांना घरी आल्यावर उमगलं.

घर धारवाडातच, स्टेशनजवळच्या मालमड्डीत, दोन खोल्यांचं. सकाळी अळणावरच्या गाडीनं हिराबाई यायची, भाकरी थापून, भांडी घासून दुपारच्या आत परतायची. त्यानंतर स्टेशनवरची शिटी सोडली तर घरात आवाज म्हणून नसायचा. फोन वाजायचा तो बहुधा चुकीचा नंबर लागून. तरी अक्का सवयीनं विचारायच्या, "कोण पाहिजे आपल्याला?" आणि पलीकडचा माणूस 'राँग नंबर' म्हणून ठेवायला लागला, की 'थांबा हो, बघते' असं त्यांच्या ओठावर यायचं. जोडून द्यायला घरात दुसरं होतं कोण?

बेळगावच्या भाच्यानं एक कॉम्प्युटर आणून दिला होता. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही त्यात घालून दिला होता. त्या यंत्राचा आवाज नाकातून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा होता. अक्कांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. हिराबाईला बरेच दिवस वाटत होतं, की अक्कांकडे खरोखरच कुणी साहेब फोनवरून शिकवणी घेतो. ती खोलीत येताना पदर सारखा करायची.

तर हे सगळं २००६ च्या आसपासचं. त्या वर्षी हुबळीच्या एका न्यासाला वेबसाइटचा सोस आला. न्यास चांगला. अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून घ्यायची, त्यांच्या सीडी करायच्या आणि मुलांना घरपोच पाठवायच्या, हे त्याचं काम. साइट अशासाठी, की मुलांनी घरबसल्या पुस्तक मागवावं. थाटात उद्‌घाटन झालं. सगळ्यांनी पडद्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. आठवडाभरानं एका अंध शिक्षकानं विचारलं, की ही साइट नेमकी कुणासाठी केली आहे, कारण आमच्यापैकी एकालाही ती वाचता येत नाही. तेव्हा न्यासाचे सचिव, निवृत्त वकील मुकुंदराव, यांची पाचावर धारण बसली. त्यांना बोर्डावरचा एक आवाज आठवला. त्यांनी वत्सलाक्कांचा नंबर शोधून काढला आणि साइट करणाऱ्या मुलाला त्यांच्याकडे धाडलं.

मुलगा म्हणजे गुरुप्रसाद बदामीकर. वडिलांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान. ह्याला गज-कात्री नको होती, म्हणून हुबळीतल्याच विद्यानगरच्या एका छोट्या कंपनीत साइटी करायचा. आला तो घुश्शातच. इतकी देखणी साइट केली, मुख्य पाहुण्यांनी पाठ थोपटली, आणि आता एक बाई तिच्यात खोट काढणार. अक्कांनी चहा दिला, कॉम्प्युटरचा पडदा बंद करायला लावला आणि म्हणाल्या, की आता तू नुसता ऐक.

साइट उघडली आणि बासरी सुरू झाली. गुरुप्रसादनं हौसेनं घातलेली. बासरीखाली साहेब काहीतरी पुटपुटत होते ते बुडून गेलं. बासरी थांबवावी तर थांबवायचं बटण चित्राचं, आणि चित्राला नाव नाही. मग साहेब आपल्या नाकातल्या आवाजात म्हणत सुटले, "ग्राफिक. ग्राफिक. लिंक. ग्राफिक." कन्नड आणि मराठी मजकूर सगळ्यांच्या मशीनवर नीट दिसावा म्हणून गुरुप्रसादनं त्याचीसुद्धा चित्रंच करून लावली होती. त्या काळी सगळे तसंच करत. डोळ्यांना अक्षर दिसे, साहेबांना एक मुकी पाटी.

"एखाद्या कचेरीत गेलास आणि प्रत्येक दारावर नुसतं 'दार' एवढंच लिहिलेलं असलं," अक्का म्हणाल्या, "तर तू कुठल्या दारातून आत जाशील?"

निघताना गुरुप्रसादनं विचारलं, की उद्या फोन केला तर चालेल का, एकेक पान दुरुस्त करत जाऊ. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. इंटरनेट चालू असतानाही फोन वाजू शकत होता. अक्का म्हणाल्या, कर की.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला. मग रोज चारला वाजू लागला.

काम असं चालायचं. तो तिकडे एखाद्या चित्रामागे, डोळ्यांना न दिसणारे पण साहेबांना वाचता येणारे शब्द लिहायचा, अक्का इकडे कळा दाबत तिथे पोचायच्या आणि साहेब काय म्हणतात ते सांगायच्या. बासरी पहिल्याच दिवशी गेली. हलणारी अक्षरं गेली. रंगावरून ओळखायच्या सूचना गेल्या, कारण 'लाल खूण असलेल्या जागा भरा' हे लाल न पाहिलेल्या माणसाला सांगून काय उपयोग. पोरगा हुशार होता. एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही. अक्कांना शिकवायची हौस फिटायची आणि त्याला शिकल्याची.

चित्रांमागे काय लिहायचं यावर मात्र तो अडला. मुकुंदराव समई लावतात तो फोटो होता. त्यामागे त्यानं 'फोटो एक' लिहिलं. अक्का म्हणाल्या, "फोटोत काय आहे ते मला सांग. जे सांगशील तेच लिही."

"खरं सांगू काय अक्का? मुकुंदराव वाकलेत, पण पोट मधे येतंय. काडी हातात आहे आणि वात काही पेटत नाही. मागं सगळे हसू दाबून उभारलेत."

अक्का इतक्या हसल्या, की रिसीव्हर हातातून सुटायची वेळ आली. त्यानं पोटाचा भाग वगळून बाकीचं इंग्रजीत तसंच लिहून टाकलं. साहेबांनी ते गंभीरपणे वाचून दाखवलं आणि दोघं पुन्हा हसले. मग प्रत्येक फोटोला तसंच. कुणाच्या साडीचा काठ सुटलाय, कोण कॅमेऱ्याकडे न बघता उपिटाच्या ताटलीकडे बघतोय. जे फोटो पाहायला अक्कांना कधी कुणी बोलावलं नव्हतं, ते त्या आता बारीकसारीक तपशिलासकट पाहत होत्या.

कामाच्या मधे दुसरंही बोलणं व्हायचं. आई लग्नाच्या मागे लागली आहे, अप्पा अजून दुकानाचं नाव काढतात, साहेबांसारखा नाकातून बोलणारा एक मास्तर शाळेत होता. अक्का बोर्डावरच्या गमती सांगायच्या. तीन वाजल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नसायचं. हिराबाई एकदा गाडी चुकून मागे राहिली, तेव्हा तिनं पाहिलं, की अक्का केस विंचरून, चहाचा पेला जवळ घेऊन फोनपाशी बसल्या आहेत.

"कुणी येणार हाय व्हय अक्का?" तिनं विचारलं. अक्कांनी उगाच तिला चटणी वाटायला बसवलं.

असं करता करता साइट दुरुस्त होत आली. कुठलंही काम संपतंच, पण अक्कांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. एका दुपारी गुरुप्रसाद आनंदानं म्हणाला, की आता पुस्तक मागवायचं पान तेवढं राहिलंय, त्यातही शेवटचं बटण. मुकुंदरावांनी त्याला बजावलं होतं, की वत्सलाबाई 'हो' म्हणेपर्यंत ते पान उघडायचं नाही, एकदा तोंडघशी पडलो तेवढं पुरे. अक्का कळा दाबत गेल्या. नाव, पत्ता, वर्ग, पुस्तक. साहेब सगळं स्पष्ट वाचत होते. शेवटच्या चित्रावर ते म्हणाले, "सेंड रिक्वेस्ट, बटन."

"बोलतं का अक्का?" तिकडून गुरुप्रसादनं विचारलं.

'हो' म्हटलं की उद्याचा चारचा फोन गेला. परवाचा गेला. मग पुन्हा ते चुकीचे नंबर आणि स्टेशनवरची शिटी.

"नाही," त्या म्हणाल्या. "बटण अजून बोलत नाही."

आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीचा फोन जोडून दिला नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी ठरवलं, आज खरं सांगायचं. चारला फोन वाजला, गुरुप्रसादचा आवाज आला, आणि पुन्हा तोंडातून तेच निघालं. खोटं बोलणं किती सोपं असतं, हे इतकी वर्षं खरं बोलणाऱ्या माणसाला फार उशिरा कळतं. तो बिचारा बटण मोडायचा, पुन्हा जोडायचा, उद्या बघू म्हणायचा. त्याचा तो 'उद्या' अक्का दिवसभर जपून ठेवायच्या.

हळूहळू त्याच्या बोलण्यातलं हसू मात्र कमी होत गेलं. गप्पा आखडल्या. "आज तरी बोलतं का?" एवढं तो विचारायचा आणि 'नाही' ऐकून श्वास सोडायचा. अक्कांना वाटलं, दमला असेल. बोर्डावर बसून ज्यांनी नुसत्या 'हॅलो'वरून माणसांची दुखणी ओळखली, त्यांना ह्या एका आवाजातलं ऐकू आलं नाही. खरं म्हणजे त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

एके दिवशी सकाळीच फोन वाजला. अक्का धावल्या. आवाज मुलीचा होता.

"वत्सलाक्का का हो? मी दीपश्री. मुकुंदकाकांनी नंबर दिला तुमचा."

ती धारवाडातच बी.ए. करत होती. जन्मापासून अंध. वसतिगृहातली एक मैत्रीण तिला पुस्तकं वाचून दाखवायची, तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. परीक्षा तोंडावर आली होती. इतिहासाचं पुस्तक न्यासाकडे वाचून तयार आहे असं तिनं ऐकलं होतं, पण साइट आल्यापासून न्यास मागणी तिथूनच घ्यायचा, आणि मागवायचं पान बंद. मुकुंदकाका म्हणाले, की वत्सलाक्कांनी पास केलं की उघडतो.

"घाई करा असं नाही म्हणत मी," दीपश्री म्हणाली. "तुम्ही नीट तपासताय, ते आमच्यासाठीच की. फक्त कधी होईल तेवढं सांगा. रोज संध्याकाळी नुसती बसून असते मी. कुणी वाचायला नसलं की काय होतं, तुम्हाला ठाऊक असेल."

अक्कांनी तिला काय उत्तर दिलं ते त्यांनाही नंतर आठवेना. संध्याकाळी नुसतं बसून असणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपला एक तास भरावा म्हणून त्या पोरीचे सगळे तास आपण रिकामे ठेवले. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

चार वाजायची वाट त्यांनी पाहिली नाही. गुरुप्रसादच्या कंपनीचा नंबर पाठ होता, पण त्यांनी तो आजवर फिरवला नव्हता. नेहमी तोच करायचा.

"गुरू, ते बटण बोलतंय."

"आज? आज मी हात पण लावला नाही त्याला, अक्का."

"पहिल्या दिवसापासून बोलतंय. मीच नाही म्हणत होते."

पलीकडे कुणीतरी मोटरसायकल चालू केली, ती लांब गेली. अक्कांनी मग उरलेलंही सांगून टाकलं, की चार वाजता तुझा फोन यावा म्हणून मी असं केलं. म्हातारपणी माणसाची बुद्धी अशी फिरते, मला माफ कर.

"मला वाटत होतं, मलाच येत नाही," गुरुप्रसाद म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "कंपनीतल्या सरांनी नवीन काम दुसऱ्याला दिलं. म्हणाले, एक बटण लावायला येत नाही तुला. मी परवा अप्पांना सांगितलं, की दिवाळीपासून दुकानात बसतो."

अक्कांना हुंदका आला तो त्यांनी पदरात दाबला.

"फोन मी असाच केला असता की, अक्का," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं म्हणायचं होतं."

दुसऱ्या दिवशी पान उघडलं. दीपश्रीनं पहिलं पुस्तक मागवलं. मुकुंदरावांनी स्वतः फोन करून अक्कांचे आभार मानले. म्हणाले, तुमची तपासणी कडक, असंच पाहिजे, बटणात चूक होती असं गुरुप्रसादनं कबूल केलंय. अक्का म्हणाल्या, त्याची काही चूक नव्हती हो, चूक माझी होती, बटण बरोबर होतं. मुकुंदराव वकिली थाटात हसले. "हा तुमचा मोठेपणा," म्हणाले, आणि कुणीतरी आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अक्कांनी पुन्हा फोन करून सांगितलं. तेव्हाही त्यांना तो मोठेपणाच वाटला. एकदा कुणाला चांगलं ठरवलं, की मुकुंदराव पुरावा ऐकून घेत नसत.

न्यासानं त्यानिमित्त छोटासा समारंभ केला. अक्कांना न्यायला गाडी पाठवतो म्हणाले. अक्कांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या सभागृहात गुरुप्रसादचा आवाज कुठून तरी येईल आणि तो आपल्या दिशेनं येणार नाही, ही कल्पना त्यांना सोसवेना.

चार वाजायचे आणि जायचे. हिराबाईनं एकदा विचारलं, "त्या पोराचा फोन न्हाई आला अलीकडं?" अक्का म्हणाल्या, काम झालं त्याचं. हिराबाई म्हणाली, मग बरं झालं की, आणि भांड्यांकडे वळली.

पंधरवडा गेला असेल. अक्कांनी साइट उघडली. हल्ली त्या रोज उघडायच्या, जुन्या फोटोंवर जाऊन थांबायच्या. मुकुंदराव अजून वाकलेले होते, वात अजून पेटत नव्हती. त्या दिवशी मात्र खाली एक नवीन चित्र होतं. साहेब म्हणाले, "ग्राफिक," आणि पुढे कॅमेऱ्यानं फोटोला दिलेली अक्षरं आणि आकडे घडाघडा वाचत सुटले. समारंभाचा फोटो कुणीतरी लावला होता आणि त्यामागे शब्द घालायचे राहिले होते.

आता खरीच चूक होती. आणि सांगायला तोंड राहिलं नव्हतं. त्यांनी रिसीव्हर उचलला, ठेवला. तो म्हणेल, म्हातारीनं पुन्हा सुरू केलं. गप्प राहावं, तर दीपश्रीसारखी पोरं त्या चित्रापाशी येऊन अडखळणार. शेवटी त्यांनी नंबर फिरवला.

गुरुप्रसादनंच उचलला. दुकानात गेला नव्हता तर. अक्कांना तेवढ्यानंही बरं वाटलं. नवीन फोटो बोलत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि श्वास रोखून बसल्या. तो 'थांबा' म्हणाला. कळा वाजल्या. मग रिसीव्हरमधून, पार विद्यानगरहून, साहेबांचा नाकातला आवाज आला: "ग्राफिक," आणि तीच अक्षरं, तेच आकडे.

त्यानं साहेबांना आपल्याकडे बसवून घेतलं होतं. आता त्याला कुणाला विचारायला नको होतं.

"होय, बोलत नाही," तो म्हणाला. "घालतो मी शब्द. बरं झालं सांगितलं."

"फोटोत काय आहे रे?" अक्कांनी विचारलं.

"लिहितो की अक्का. उद्या ऐका."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अक्कांनी त्याची समजूत घातली असती. बोर्डावर रोज ऐकू यायचा तसा तो आवाज होता, काम झालं की ठेवून देणाऱ्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अक्का केस विंचरून बसल्या. साइट उघडली, कळा दाबत नवीन फोटोपाशी आल्या. साहेब म्हणाले, "ट्रस्ट फंक्शन. ग्रुप फोटो."

लिहिलं होतं ते बरोबर होतं. कुठल्याही नियमानं त्यात चूक काढता आली नसती. कोण कुणाशेजारी उभं आहे, दीपश्री पुढे आहे की मागे, मुकुंदरावांचं काय चाललंय, उपिटाकडे कोण बघतंय, त्यातलं काही नव्हतं.

अक्कांनी पुन्हा कळ दाबली. साहेबांनी पुन्हा तेवढंच सांगितलं.